तिरप्या नजरेतली दीर्घिका

"दिसलं का?"

दहा इंची आरशाच्या डॉब्सोनियन दुर्बिणीच्या आयपीसला, म्हणजे बघायच्या भिंगाला, उजवा डोळा लावून मी उभा होतो. समोर नुसता काळोख आणि चार-दोन बारीक तारे. अमावास्येची रात्र होती आणि सप्तर्षी डोक्यावर आले होते. त्यांच्या शेपटीच्या टोकाला असलेल्या मरीचीपासून साडेतीन अंशांवर 'मेसिए ५१' ही दीर्घिका, म्हणजे असंख्य ताऱ्यांचा समूह, असते. दुर्बीण तिच्यावरच रोखलेली होती.

"थेट बघू नकोस. नजर उजवीकडे ने, लक्ष मात्र मध्येच ठेव," दुर्बीणवाले काका म्हणाले.

तसं केलं, आणि काचेवर कुणी हलकेच फुंकर मारावी तसे धुक्याचे दोन पुंजके उमटले. एक मोठा, त्याला खेटून एक लहान. सरळ बघायला गेलो की मावळायचे, नजर सरकवली की परत यायचे.

यात जादू नाही, डोळ्याची रचनाच तशी आहे. दृष्टिपटलाच्या ऐन मध्यभागी फक्त शंकूपेशी असतात. रंग आणि बारकावे त्या टिपतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. अंधुक प्रकाश ओळखणाऱ्या दंडपेशी मध्याच्या आजूबाजूला दाटलेल्या असतात. उजव्या डोळ्याने बघताना नजर उजवीकडेच न्यायची, कारण डावीकडे नेली तर प्रतिमा अंधबिंदूवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसलेल्या जागेवर, पडण्याची भीती असते. दंडपेशींना रंग कळत नाहीत. म्हणून फोटोतली निळी-गुलाबी दीर्घिका आयपीसमध्ये राखाडीच दिसते. नवख्यांचा इथे हिरमोड होतो. मला मात्र तो राखाडी डाग कुठल्याही फोटोपेक्षा मोलाचा वाटतो. अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश तिथे थेट आपल्या डोळ्यात उतरत असतो.

अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात. दंडपेशींमधलं ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य उजेडात विघटित होतं आणि अंधारात सावकाश पुन्हा तयार होतं. मोबाइलचा पडदा क्षणभर लागला तरी ही कमाई वाया जाते. दंडपेशींवर लाल प्रकाशाचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून सगळ्यांच्या हातात मंद लाल टॉर्च होते.

दहा इंची आरसा अंधारात पूर्ण विस्फारलेल्या बाहुलीच्या सुमारे १,३०० पट प्रकाश गोळा करतो. फ्रेंच खगोलनिरीक्षक मेसिएला १७७३ मध्ये हा डाग सापडला, पण त्याचं सर्पिल रूप दिसायला १८४५ उजाडलं. आयर्लंडमध्ये खगोलनिरीक्षक लॉर्ड रॉस यांनी ७२ इंची आरशाच्या दुर्बिणीतून ते पाहिलं आणि कागदावर रेखाटलं. इतका अंधुक डाग टिपणारा कॅमेरा तेव्हा नव्हता. तासन्‌तास बघायचं आणि हात चालवायचा.

काकांनी नळीला बोटाने हलकी टिचकी मारली. हलणारी अंधुक गोष्ट डोळ्याला चटकन जाणवते, त्याचा हा उपयोग. पुंजका थरथरला आणि मोठ्या डागाच्या कडेला, क्षणभरच, वळण घेतल्यासारखं काहीतरी दिसलं. मी बाजूला झालो, मागच्या मुलीला जागा दिली आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो.