मोठ्या पुरवठादारांची मेल अडवावी का? वादाची पार्श्वभूमी

फुकट वेबमेल देणाऱ्या मोठ्या पुरवठादारांच्या खात्यांतूनही स्पॅम, म्हणजे नको असलेली घाऊक मेल, निघते. म्हणून त्यांच्याकडून येणारी सगळीच मेल अडवावी का, हा लहान मेल सर्व्हर चालवणाऱ्यांमधला वाद. १९९७ च्या सुमारास डीएनएसवर (इंटरनेटवरची नावे आणि पत्ते यांची जोडी सांगणाऱ्या यंत्रणेवर) चालणाऱ्या ब्लॅकलिस्ट, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या याद्या, आल्या, तेव्हा स्पॅम पाठवणारा एक तर स्वतःचा सर्व्हर वापरी, नाही तर कुणाचा तरी ओपन रिले, म्हणजे कुणाचीही मेल पुढे धाडणारा उघडा सर्व्हर. त्या सर्व्हरचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक) अडवला की इतरांचे फारसे बिघडत नसे.

‘ब्लॅकलिस्ट करणे’ या शब्दाने मात्र तेव्हापासून घोळ घातला आहे. यादी स्वतः काहीच अडवत नाही. मेल घेणारा सर्व्हर पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता उलटा लिहून यादीला विचारतो, १२७.०.०.२ असे उत्तर आले, तर पत्ता यादीत आहे. पुढचा निर्णय सर्व्हर चालवणाऱ्याचा. ५५० हा नकाराचा कोड सांगून मेल दारातूनच परत पाठवायची, की आत घेऊन स्पॅमच्या फोल्डरात टाकायची? परत पाठवलेल्या मेलची खबर पाठवणाऱ्याला मिळते. फोल्डरात गडप झालेल्या मेलचा पत्ता बहुतेकदा दोघांनाही लागत नाही. त्यामुळे कठोर वाटणारा नकारच मला जास्त प्रामाणिक वाटतो.

२००० नंतर काही याद्यांनी स्पॅमरच्या शेजारचे निर्दोष पत्तेही मुद्दाम गोवले. ग्राहक ओरडले की पुरवठादार हलेल, हा हिशेब. लहान पुरवठादार हलतही. पण फुकट वेबमेलचे दिवस आले आणि लाखो लोकांची मेल मोजक्या सामायिक पत्त्यांवरून निघू लागली. तिथे एक पत्ता अडवला की स्पॅमरबरोबर नोकरीचा अर्ज करणाराही अडकतो.

मोठ्या पुरवठादारांना सवलत मिळू लागली ती ग्रेलिस्टिंगमधून. २००३ मधली ही युक्ती अनोळखी मेलला ‘थोड्या वेळाने या’ सांगते, आणि त्याच पत्त्यावरून पुन्हा आली तरच आत घेते. मोठे पुरवठादार पुढचा प्रयत्न भलत्याच पत्त्यावरून करत, आणि खरी मेल तासन्‌तास लटके. म्हणून सर्व्हर चालवणाऱ्यांनी त्यांचे पत्ते तपासणीतून वगळले. सोय म्हणून दिलेली ती सूट अनेक ठिकाणी आजही तशीच आहे.

एसपीएफ आणि डीकेआयएम या तपासण्यांमुळे मेल ज्या डोमेनचे (पत्त्यातल्या @ नंतरचे) नाव सांगते, खरोखर तिथलीच आहे का, ते कळते. पाठवणाऱ्याचा हेतू कळत नाही. मोठ्यांच्या खात्यांतून निघालेले स्पॅम या दोन्ही कसोट्यांवर सहज उतरते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू या दोन मोठ्या पुरवठादारांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांना (गूगलच्या हिशेबाने दिवसाला ५,००० किंवा अधिक) डीमार्क, म्हणजे या दोन कसोट्यांवर आधारलेला डोमेनचा जाहीर नियम, सक्तीचे केले आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितले. या मोठ्यांकडून येणाऱ्या स्पॅमसाठी असा आकडा घालून द्यायची ताकद लहान सर्व्हरवाल्यांकडे नाही. मोठ्यांवर पूर्ण बंदी घातली, तर पहिला फोन लहान सर्व्हरवाल्यांच्या स्वतःच्याच वापरकर्त्यांचा येतो.