अनवाणी पायांमुळे विश्वचषक हुकला? नाही!

‘1950 च्या फुटबॉल विश्वचषकात भारताला बूट न घालता खेळू दिलं नाही, म्हणून आपण ब्राझीलला गेलो नाही.’ लहानपणी मीही हे ऐकलंय, पुढे चार जणांना सांगितलंही आहे. पण ते खरं नाही.

खरं कारण घरचंच होतं. ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपाइन्सने माघार घेतल्यामुळे भारताला थेट प्रवेश मिळाला होता. इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्यासोबत गटही ठरला होता. प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायला यजमान तयार होते. तरीही आपल्या महासंघाने ऐनवेळी अंग काढून घेतलं. सांगितलं काय, तर संघनिवडीवरून मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ. शिवाय त्या काळी आपल्याकडे ऑलिम्पिकपुढे विश्वचषकाची फारशी किंमत नव्हती. मला तरी हेच मूळ वाटतं. त्या वेळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनीही बुटांची गोष्ट पुढे खोडून काढली.

1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच फ्रान्सशी भिडले होते. दोन पेनल्टी हुकल्या, रामनने बरोबरी साधली आणि अगदी शेवटी गोल खाऊन आपण 2-1 ने हरलो. 1952 मध्ये हेलसिंकीतही कित्येक जण अनवाणीच उतरले. तिथे युगोस्लाव्हियाने 10-1 ने धुव्वा उडवल्यावर आपल्याच महासंघाने बूट सक्तीचे केले.

आणि संघ कच्चा होता असंही नाही. 1951 मध्ये दिल्लीत इराणला हरवून आशियाई सुवर्ण आणि 1956 मध्ये मेलबर्न ऑलिम्पिकची उपांत्य फेरी! तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारे नेव्हिल डिसूझा मूळचे गोव्याचे.