जर्नलमधलं 9.81

अकरावीच्या कुठल्याही कॉलेजातली जर्नलं घ्या आणि साध्या लंबकाचा प्रयोग उघडा. कुणाचा दोरा ऐंशी सेंटिमीटरचा, कुणाचा एक मीटरचा, पण गुरुत्वत्वरण (g, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जेवढा वाढतो ते) सगळ्यांचं 9.81 मी/से². उत्तर आधी लिहायचं आणि रीडिंग त्यावरून मागे काढायची, ही पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे. उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही की प्रयोग चुकला, ही समजूत तिच्या मुळाशी आहे. मुळात 9.81 हा पॅरिस-लंडनच्या अक्षांशांवरचा आकडा. मुंबईत तो साधारण 9.79 भरतो.

मग मुंबईच्या मुलांनी 9.79 लिहावं का? तेही नाही. आपल्या मोजमापावर किती भरवसा ठेवता येतो, ते आधी लिहावं.

एक मीटरच्या लंबकाचं एक दोलन, म्हणजे गोळ्याचं एकदा जाऊन परत येणं, सुमारे 2 सेकंदांचं. स्टॉपवॉचचं बटण दाबताना हाताकडून 0.2 सेकंद सहज इकडेतिकडे होतात. एकच दोलन मोजलं तर वेळेत 10 टक्के चूक. g च्या सूत्रात (g = 4π² × लांबी ÷ दोलनकाळाचा वर्ग) दोलनकाळाचा, म्हणजे एका दोलनाच्या वेळेचा, वर्ग येतो, म्हणून g मध्ये ती दुप्पट होऊन 20 टक्के. आता 20 दोलनं मोजा. हाताची चूक तेवढीच, 0.2 सेकंद, पण एकूण वेळ 40 सेकंद. म्हणजे वेळेत अर्धा टक्का आणि g मध्ये एक टक्का, साधारण 0.1. ‘20 दोलनांचा वेळ मोजला’ हे वाक्य प्रत्येक जर्नलमध्ये असतं, त्यामागचं हे कारण क्वचितच कुणी लिहितं. उत्तर 9.8 ± 0.1 इतकंच लिहायचं. कॅल्क्युलेटरने दाखवलेल्या 9.7823416 मधले पुढचे आकडे तुम्ही मोजलेलेच नाहीत.

दुसरी चूक याहून चिवट. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. कुणी फक्त दोरा मोजला आणि गोळ्याची त्रिज्या 1 सेंमी असली, तर एक मीटरच्या दोऱ्याला g एक टक्क्याने कमी येतो, दर वेळी कमीच. कितीही सरासरी काढा, ती जात नाही. पण 30 सेंमीपासून 120 सेंमीपर्यंत वेगवेगळ्या लांब्या घेऊन आलेख काढा: आडव्या अक्षावर दोऱ्याची लांबी, उभ्यावर दोलनकाळाचा वर्ग. रीडिंग काळजीने घेतलेली असतील तर रेषा सरळ येते, मात्र आरंभबिंदूतून जात नाही. ती मागे वाढवली की आडव्या अक्षाला शून्याच्या डावीकडे 1 सेंमीवर छेदते. विसरलेली त्रिज्या तिथे सापडते! शिवाय रेषेचा चढ या चुकीने बदलत नाही, त्यामुळे चढावरून काढलेला g बरोबरच येतो. ‘मानवी चुकीमुळे फरक पडला असावा’ या वाक्यातून यातलं काहीच कळत नाही.

1672 मध्ये झाँ रिशे हे फ्रेंच खगोलज्ञ विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेले. त्यांचं लंबकाचं घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं आणि सेकंदाचा लंबक (एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जायला बरोबर एक सेकंद घेणारा) पावणेतीन मिलिमीटरने आखूड करावा लागला, म्हणजे तिथे g कमी होता. त्यांनी पॅरिसचा आकडा पुढे रेटला नाही, जे दिसलं ते नोंदवलं. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे, या न्यूटनच्या गणिताला पुढे याच नोंदीचा आधार मिळाला.

लंबक हातात धरून बोअरची जागा दाखवणारे पाणाडे आपल्याकडेही आहेत. पाणी लागलं की गावभर बोलबाला होतो, कोरड्या गेलेल्या बोअरचा हिशेब मात्र कुणी ठेवत नाही. तो हिशेब मांडल्याशिवाय त्या दाव्याला काडीची किंमत देऊ नये.

जर्नलच्या अनुमानात एवढं लिहिलं तरी पुरे: ‘g = 9.7 ± 0.1 मी/से². लांबी फक्त दोऱ्याची धरली होती. गोळ्याची 1 सेंमी त्रिज्या मिळवल्यावर 9.8.’ खाडाखोड असली तरी असं जर्नल आणणाऱ्या मुलीला परीक्षकांनी पूर्ण गुण द्यावेत, आणि ज्याची सगळी रीडिंग 9.81 वर बसतात त्याला पुन्हा टेबलापाशी पाठवावं.