शिंगराचे जंत आणि औषधाची घाई

घोड्याचे चार-पाच महिन्यांचे शिंगरू. केस रखरखीत, पोट सुटलेले, पाठीवर मांस धरत नाही, मधूनच खोकते. मालक म्हणतो, ‘जंत झालेत, काहीतरी जालीम औषध द्या.’ निदान बहुधा बरोबर असते. त्यातला ‘जालीम’ हा भाग मात्र शिंगराच्या जिवावर बेतू शकतो.

दोष असतो पॅरास्कॅरिस नावाच्या गोल जंताचा. रंगाने पांढुरका, पेन्सिलीएवढा जाड, आणि मादी चांगली अर्ध्या मीटरपर्यंत वाढणारी. मुक्काम लहान आतड्यात. आपल्याकडे मुलांना होणारा मोठा गोल जंत याचाच चुलतभाऊ, आणि दोघांचा प्रवासही जवळपास सारखा. शिंगरू चरताना, भिंत चाटताना किंवा आईची लीद खाताना (हे ते हमखास करते आणि त्यात गैर काही नाही) जंताची अंडी गिळते. अंड्यातून निघालेली अळी आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे दोनेक दिवसांत यकृतात पोहोचते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत फुप्फुसात. तिथून श्वासनलिकेने वर चढून घशात येते, गिळली जाते आणि पुन्हा आतड्यात उतरते. एवढी भ्रमंती करून ती राहायला येते ते निघाली होती तिथेच! शिंगरू खोकते ते अनेकदा या प्रवासामुळे, आणि उपचार मात्र सर्दीवर चालू असतात.

अंडे गिळल्यापासून लिदीत नवी अंडी दिसेपर्यंत साधारण अडीच ते साडेतीन महिने जातात. त्यानंतर एकेक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते. अंड्याचे कवच जाड आणि चिकट. ते गव्हाणीला, बादलीला, घोडीच्या सडांना चिकटते आणि मातीत वर्षानुवर्षे टिकते. नेहमीची जंतुनाशके त्याचे फारसे काही बिघडवत नाहीत. कडक वाफ किंवा नीट कुजणाऱ्या लिदीच्या ढिगातली उष्णता मात्र त्याला मारते. म्हणून ताजी लीद खत म्हणून थेट कुरणावर पसरणे म्हणजे पुढच्या वर्षीच्या शिंगरांसाठी अंडी पेरणेच.

जीवशास्त्राच्या इतिहासात मात्र या उपद्रवी प्राण्याला मानाचे पान आहे. याच्या एका जातीत गुणसूत्रांची फक्त एक जोडी असते, माणसात तेवीस. मोजायला इतकी सोपी गुणसूत्रे दुसरीकडे कुठे मिळणार? बेल्जियमच्या एदुआर व्हान बेनेडेन यांनी 1883 मध्ये घोड्याच्या या जंताच्या अंड्यांवरूनच दाखवले, की फलित अंड्यात आई आणि बाप दोघांकडून सारखीच गुणसूत्रे येतात.

आता औषधाकडे. पोटात जंतांचा मोठा भार असताना आयव्हरमेक्टिन किंवा पायरँटेलसारखे औषध दिले, तर सगळे जंत एकदम लुळे पडतात. त्यांचा गुंता लहान आतड्यात अडकतो आणि पुढच्या दिवसाभरात शिंगराला पोटशूळ उठतो. आतडे फाटू शकते, आणि शस्त्रक्रिया करूनही बरीच शिंगरे वाचत नाहीत. याउलट फेनबेंडाझोल संथ काम करते. जंताच्या पेशींचा आतला सांगाडा ते उभा राहू देत नाही, त्यामुळे जंत हळूहळू उपासमारीने मरतात. शाळेत मुलांना मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी याच कुळातली. म्हणून दोन-तीन महिन्यांच्या शिंगराला पहिला डोस याच गटातला द्यावा, असे पशुवैद्य सांगतात.

मग सगळेच हे का करत नव्हते? त्यामागे एक जुनी सवय आहे. 1966 मध्ये अमेरिकेतल्या केंटकीच्या संशोधकांनी सल्ला दिला, की घोड्यांना दर सहा ते आठ आठवड्यांनी जंताचे औषध द्यावे. त्यांचे लक्ष्य होते आतड्याच्या रक्तवाहिन्या खराब करणारा मोठा स्ट्राँगाइल. तो सल्ला अचूक लागू पडला आणि तो जंत खरोखरच दुर्मीळ झाला. पण वेळापत्रक तसेच राहिले. 1980च्या दशकात आयव्हरमेक्टिन आले आणि अनेक स्टड फार्मवर शिंगरांना ते महिन्या-महिन्याला मिळू लागले. मुळात पॅरास्कॅरिसवर ते इतर जंतांइतके प्रभावी नव्हतेच. दर वेळी चिवट जंत तेवढे मागे उरत आणि त्यांचीच अंडी कुरणात पडत. 2002 मध्ये नेदरलँड्समधून बातमी आली, की हे जंत औषधाला दाद देत नाहीत. नंतर तेच अनेक देशांत दिसले. माझ्या मते यात औषधाचा दोष कमी आणि कॅलेंडर बघून दिलेल्या डोसांचा जास्त.

सारंगखेड्याच्या यात्रेतून किंवा अकलूजच्या बाजारातून जनावर आणणाऱ्यांनाही हे लागू आहे. नव्या घोड्याबरोबर त्याचे जंतही येतात, आणि त्यांना कोणते औषध लागू पडत नाही हे त्याच्या कपाळावर लिहिलेले नसते. ते कळते लिदीवरून. औषध देण्याआधी ताजी लीद तपासून एका ग्रॅममागे अंडी किती ते मोजायचे, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मोजायचे. आकडा जवळपास शून्यावर आला नाही, तर ते औषध त्या तबेल्यापुरते निकामी होत चालले आहे.

सहा महिन्यांच्या आसपास ही तपासणी जास्तच कामाची ठरते. शिंगराची प्रतिकारशक्ती तोवर पॅरास्कॅरिसला हुसकावू लागलेली असते आणि चरण्यातून लहान स्ट्राँगाइल शिरलेले असतात. या नव्या भाडेकरूंवर फेनबेंडाझोल बहुतेक ठिकाणी चालत नाही, आयव्हरमेक्टिन बऱ्याच अंशी चालते. म्हणजे नेमके उलटे. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोघांत गल्लत होत नाही. पॅरास्कॅरिसचे अंडे गोल, तपकिरी, जाड कवचाचे; स्ट्राँगाइलचे लांबट आणि पातळ कवचाचे.