रनिंग मेट कोण? एका अंदाजखेळाची पार्श्वभूमी

जुलै २००४. डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन केरी उपाध्यक्षपदासाठी कोणाला बरोबर घेणार, याची सगळ्या अमेरिकेला उत्सुकता होती आणि केरी कोणालाच ताकास तूर लागू देत नव्हते. ६ जुलैच्या सकाळी 'न्यूयॉर्क पोस्ट'ने पहिल्या पानावर छापून टाकले की केरींनी डिक गेपहार्ट यांना निवडले आहे. गंमत अशी, की आदल्या रात्री पिट्सबर्गच्या विमानतळावर केरींच्या प्रचाराचे विमान हँगरमध्ये उभे होते आणि त्याच्या अंगावर जॉन एडवर्ड्स यांचे नाव चिकटवले जात होते. ते पाहणाऱ्या कोणीतरी विमान व्यवसायातल्या मंडळींच्या एका संकेतस्थळावर तशा दोन ओळी लिहून टाकल्या. उजाडल्यावर केरींनी जाहीर केले ते एडवर्ड्स यांचेच नाव. राजकीय वार्ताहरांना चुकलेली बातमी हँगरमधल्या माणसाला लागली होती.

अमेरिकेत दर चार वर्षांनी, उमेदवार नक्की झाला की हा हंगाम सुरू होतो. संभाव्य नावांच्या याद्या निघतात, सट्टा लागतो, कोण कोणाच्या घरी जेवायला गेले याच्या बातम्या होतात. त्याला तिकडे 'वीपस्टेक्स' म्हणतात. 'वीप' हे उपाध्यक्षाचे लाडके नाव. ट्रुमन यांचे उपाध्यक्ष आल्बेन बार्कली यांना ते त्यांच्या नातवाने सुचवले, असे सांगतात. त्याला जोडली ती 'स्वीपस्टेक्स' या सोडतीची शेपटी. उपाध्यक्षपदाच्या अशा जोडीदारासाठीचा 'रनिंग मेट' हा शब्दही मूळचा घोड्यांच्या शर्यतीतला, मुख्य घोड्याला वेग मिळावा म्हणून त्याच तबेल्यातून सोबत पळवल्या जाणाऱ्या घोड्यासाठीचा.

पद जुने आहे, १७८९ पासूनचे. हा खेळ मात्र तितका जुना नाही. अंदाज बांधायचा तर निर्णय कोणा एकाच्या मनात आणि गुपचूप व्हावा लागतो. अमेरिकेत तो तसा व्हायला दीडशे वर्षे गेली.

मूळ राज्यघटनेत तर 'निवड' नव्हतीच. अध्यक्ष निवडायला राज्याराज्यांतून निर्वाचक नेमले जातात; त्यांच्या मतदानात ज्याला दुसऱ्या क्रमांकाची मते, तो उपाध्यक्ष. आपल्याकडे उपराष्ट्रपतीला खासदार स्वतंत्रपणे निवडतात आणि तो राज्यसभेचा सभापती असतो. अमेरिकेचा उपाध्यक्षही सिनेटचा सभापती असतो, पण साम्य तिथेच संपते. दुसऱ्या क्रमांकाच्या नियमाने १७९६ साली जॉन ॲडम्स अध्यक्ष झाले आणि त्यांचे कट्टर विरोधक थॉमस जेफरसन उपाध्यक्ष. म्हणजे चार वर्षे घरातच भाऊबंदकी. १८०० साली त्याहून मोठा घोळ झाला. जेफरसन आणि त्यांच्याच बाजूचे ॲरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली आणि प्रतिनिधिगृहाला ३६ वेळा मतदान करून जेफरसन यांना अध्यक्ष करावे लागले. मग १८०४ साली बारावी घटनादुरुस्ती झाली आणि दोन पदांसाठी दोन वेगळी मते सुरू झाली.

पक्षाने अधिकृत जोडी उभी करायची ही पद्धत त्यानंतर रुळली. जोडी ठरवत असत ते पक्षाच्या अधिवेशनातले प्रतिनिधी आणि राज्याराज्यांतले पुढारी. उत्तरेचा अध्यक्ष असेल तर दक्षिणेचा उपाध्यक्ष, एका गटाला वरचे पान मिळाले तर रुसलेल्या गटाला खालचे. आपल्याकडे मंत्रिमंडळाच्या शपथविधीआधी प्रांत, जात आणि गट यांची जी बेरीज-वजाबाकी चालते, तीच ही. उमेदवाराला कोण हवे, हे विचारायची तसदी फारसे कोणी घेत नसे. ज्याला पद द्यायचे त्यालाही नाही. १८४४ साली बाल्टिमोरच्या अधिवेशनाने सायलस राइट यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी देऊन टाकली; ते होते वॉशिंग्टनमध्ये. मोर्स यांची नवी तारयंत्रणा चार-पाच दिवसांपूर्वीच सुरू झाली होती, तिच्यावरून राइट यांनी नकार कळवला. तारेवर विश्वास कसा ठेवायचा, म्हणून प्रतिनिधींनी खात्री करायला माणसे पाठवली. नकार खरा निघाला.

नकार देणारे थोडे नव्हते, कारण पदात राम नव्हता. माणसाच्या कल्पनेने निर्माण केलेले हे सर्वांत क्षुल्लक पद, अशा अर्थाचे पत्र खुद्द पहिले उपाध्यक्ष ॲडम्स यांनी पत्नीला लिहिले होते. पुढे फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पहिले उपाध्यक्ष जॉन गार्नर यांनी म्हणे या पदाची किंमत बादलीभर कोमट थुंकीएवढीही नाही असे सांगितले. तरीही हे पद अवचित मोठे होत असे. अध्यक्षाच्या मृत्यूमुळे आठ आणि राजीनाम्यामुळे एक, असे नऊ उपाध्यक्ष आजवर मधूनच अध्यक्ष झाले. १८६४ साली लिंकन यांच्या पक्षाने उपाध्यक्ष हॅनिबल हॅमलिन यांना बाजूला केले आणि टेनेसीचे, तेही डेमोक्रॅट असलेले अँड्र्यू जॉन्सन यांना घेतले. काही महिन्यांत लिंकन यांची हत्या झाली आणि यादवीनंतरचा देश जॉन्सन यांच्या हाती गेला. थिओडोर रूझवेल्ट यांची कथा त्याहून मासलेवाईक. न्यूयॉर्कचे गव्हर्नर म्हणून ते तिथले पक्षधुरीण थॉमस प्लॅट यांच्या डोळ्यांत खुपत होते. त्यांना उपाध्यक्षपदाच्या अडगळीत टाकले की ब्याद टळेल, असा प्लॅट यांचा हिशेब. पक्षाचे दुसरे बडे नेते मार्क हॅना यांचा त्याला विरोध. १९०० साली प्लॅट जिंकले. १९०१च्या सप्टेंबरात अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर बफेलोत गोळ्या झाडल्या गेल्या आणि 'ब्याद' थेट व्हाइट हाउसमध्ये गेली.

पुढाऱ्यांची ही मक्तेदारी मोडली १९४० साली. फ्रँकलिन रूझवेल्ट तिसऱ्यांदा उभे राहत होते आणि त्यांना हेन्री वॉलेस हवे होते. शिकागोच्या अधिवेशनात वॉलेस यांच्या नावावर हुर्यो उडाली. वॉलेस नकोत तर मीही नको, असे निवेदन रूझवेल्ट यांनी लिहूनच ठेवले. प्रतिनिधी नमले. मात्र चारच वर्षांनी पुढाऱ्यांनी वचपा काढला. रूझवेल्ट यांची प्रकृती ढासळत चालली होती, ते मुदत पुरी करतील का याची जवळच्या मंडळींना शंका होती आणि वॉलेस अध्यक्ष झालेले त्यांना नको होते. खूप खलबते होऊन हॅरी ट्रुमन यांचे नाव पुढे आले. ट्रुमन स्वतः फारसे राजी नव्हते. एप्रिल १९४५ मध्ये रूझवेल्ट गेले तेव्हा ट्रुमन यांना उपाध्यक्ष होऊन ८२ दिवस झाले होते आणि अणुबॉम्बचा प्रकल्प काय आहे, हे त्यांना कोणी नीट सांगितलेलेही नव्हते.

१९५६ साली ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी एक वेगळाच डाव टाकला. मी कोणाला निवडत नाही, प्रतिनिधींनीच ठरवावे, म्हणाले. एका रात्रीत धावपळ उडाली आणि दुसऱ्या फेरीत एस्टेस कीफॉव्हर यांनी जॉन केनेडी नावाच्या एका तरुण सिनेटरला हरवले. उमेदवाराने हात झटकून सगळे अधिवेशनावर सोडल्याचा तो शेवटचा मोठा प्रसंग. स्टीव्हन्सन-कीफॉव्हर ही जोडी पुढे सपाटून हरली. केनेडी त्या हरणाऱ्या जोडीत अडकले नाहीत, हे त्यांचे नशीबच.

आजच्या खेळाचे नियम ठरले ते १९७२ साली मायामी बीचवर. जॉर्ज मॅकगव्हर्न यांची उमेदवारी शेवटपर्यंत लटकत राहिल्याने उपाध्यक्षाचा विचार करायला सवडच मिळाली नाही. एडवर्ड केनेडी नाही म्हणाले, आणखी काही जण नाही म्हणाले, आणि वेळ संपत आली तेव्हा मिझुरीचे सिनेटर थॉमस ईगलटन यांना फोन गेला. काही भानगड नाही ना, असे सहायकाने विचारले. ते नाही म्हणाले. त्या रात्री अधिवेशन इतके रेंगाळले की मॅकगव्हर्न यांचे भाषण पहाटे तीनच्या सुमारास झाले. देश झोपलेला होता. थोड्याच दिवसांत उघड झाले की १९६० ते १९६६ या काळात नैराश्यामुळे ईगलटन तीनदा रुग्णालयात होते आणि त्यांना विजेच्या धक्क्यांचे उपचारही दिले होते. मॅकगव्हर्न यांनी आपण त्यांच्या पाठीशी 'हजार टक्के' आहोत असे सांगितले आणि मग त्यांना सोडले. ईगलटन १८ दिवस उमेदवार होते. पुन्हा नकारांची माळ लागली. अखेर केनेडींचे मेहुणे सार्जंट श्रायव्हर यांनी होकार दिला. नोव्हेंबरात मॅकगव्हर्न यांनी मॅसॅच्युसेट्स हे एकच राज्य आणि राजधानीचा जिल्हा जिंकला.

ईगलटन यांच्यावर त्या काळी अन्यायच झाला, असे मला वाटते. आजार लपवणे चूक, पण आजारपण हा गुन्हा नव्हता. राजकारणाने मात्र त्यातून एवढाच धडा घेतला: आधी सगळे खणून काढा. १९७६ साली जिमी कार्टर यांनी इच्छुकांकडून लांबलचक प्रश्नावल्या भरून घेतल्या, त्यांच्या आरोग्याची आणि पैशांची चौकशी केली आणि काहींना जॉर्जियातल्या प्लेन्स या आपल्या गावी बोलावून तासन् तास गप्पा मारल्या. त्यांतून वॉल्टर माँडेल ठरले. कार्टर यांनी त्यांना व्हाइट हाउसच्या पश्चिम विभागात कार्यालय दिले आणि दर आठवड्याला त्यांच्याबरोबर जेवण ठेवले. पदाला वजन आले ते तेव्हापासून. वजन आले, वकिलांच्या फौजेची छाननी आली, आठवडेच्या आठवडे गुप्तता आली; वार्ताहरांना प्लेन्सच्या रस्त्यावर उभे राहून मोटारी मोजायचे काम मिळाले.

चार वर्षांनी, डेट्रॉइटमध्ये, अंदाज तोंडघशी पडायचा नमुनाच पाहायला मिळाला. रेगन यांनी माजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनाच उपाध्यक्ष करण्याची बोलणी चालवली होती. फोर्ड दूरचित्रवाणीवर नामांकित वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांच्यासमोर बसले आणि गोष्ट 'संयुक्त अध्यक्षपदा'पर्यंत गेली. जोडी जमलीच, अशा बातम्या सुरू झाल्या. मध्यरात्रीच्या सुमारास रेगन यांनी सभागृहात येऊन नाव घेतले ते जॉर्ज बुश यांचे, ज्यांनी प्राथमिक फेरीत त्यांच्या अर्थनीतीची जादूटोणा म्हणून टर उडवली होती.

आणि २०००? धाकट्या बुश यांनी योग्य माणूस शोधायची कामगिरी डिक चेनी यांच्यावर सोपवली आणि शेवटी निवडले चेनी यांनाच. इथे बारावी घटनादुरुस्ती पुन्हा आडवी आली. एखाद्या राज्याच्या निर्वाचकांना दोन्ही मते आपल्याच राज्यातल्या माणसांना देता येत नाहीत, आणि चेनी तेव्हा टेक्ससमध्येच राहत होते. त्यांनी घाईघाईने मतदार म्हणून नाव वायोमिंगला हलवले. बुश यांना निर्वाचकांची एकूण २७१ मते पडली, बहुमताहून अवघे एक जास्त. टेक्ससची ३२ गेली असती तर चेनी लटकले असते.

अंदाज चुकतात याचे एक कारण म्हणजे पंडितांचा लाडका प्रश्न: हा माणूस आपले राज्य जिंकून देईल का? १९६० साली लिंडन जॉन्सन यांच्यामुळे केनेडींना टेक्सस मिळाले, हे उदाहरण दर वेळी निघते. पण १९८८ साली टेक्ससचे लॉइड बेंटसन असून टेक्सस गेले, २००४ साली एडवर्ड्स असून नॉर्थ कॅरोलायना गेले, २०१२ साली पॉल रायन असून विस्कॉन्सिन गेले. १९९२ साली बिल क्लिंटन यांनी तर शेजारच्याच राज्यातले, आपल्याच वयाचे अल गोर निवडले आणि जिंकले. निवडणाऱ्याच्या मनात बहुधा दुसरेच असते: याच्याशी माझे पटेल का, आणि हा मला बुडवणार तर नाही ना.

दरम्यान लपवाछपवीही सुधारत गेली. ऑगस्ट २०१२ मध्ये रायन यांच्या जेन्सव्हिलच्या घरापुढे वार्ताहर बसले होते. रायन मागच्या दाराने झाडीतून निघून गेले आणि नंतर व्हर्जिनियात युद्धनौकेसमोर प्रकटले.

मराठी वाचकाला पडणारा एक प्रश्न इथेच मिटवून टाकू. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले. त्यांचे नाव अशा यादीत येईल का? नाही. जो अध्यक्ष होण्यास अपात्र तो उपाध्यक्षही होऊ शकत नाही, आणि अध्यक्ष जन्माने अमेरिकी नागरिक असावा लागतो. कमला हॅरिस यांची आई मद्रासची, पण हॅरिस स्वतः कॅलिफोर्नियात ओकलंडला जन्मल्या.

त्याच हॅरिस यांना २०२४ साली जोडीदार निवडायला सुमारे दोन आठवडे मिळाले. ६ ऑगस्टची पहिली संयुक्त सभा फिलाडेल्फियात ठेवल्याचे कळताच अनेकांनी गणित सोडवून टाकले: पेनसिल्व्हेनिया हे अटीतटीचे राज्य, तिथले गव्हर्नर जॉश शपिरो, मग दुसरे कोण असणार? सभेच्या दिवशी सकाळी नाव जाहीर झाले मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांचे. संध्याकाळी शपिरो व्यासपीठावर होते, घरच्या गर्दीपुढे जोरदार बोललेही. मग हॅरिस आणि वॉल्झ यांच्यासाठी जागा करून देत ते खाली उतरले.