घाण्याचं तेल, भट्टीचं तेल आणि पोटातलं बाळ

"सिस्टर, थे वासाचं तेल कमरेले लावलं त चालते ना? तेलच त होय." उपकेंद्रात गरोदर बायांच्या तपासणीच्या दिवशी हा प्रश्न ठरलेला असतो. सगळा घोटाळा त्या एका शब्दात आहे. दोन अगदी वेगळ्या वस्तूंना आपण 'तेल' म्हणतो.

पहिली वस्तू तुम्हाला माहीतच आहे. तीळ, जवस, करडई, खोबरं घाण्यात पिळलं की पेंड बाजूला आणि तेल बाजूला. माहेरी आलेल्या लेकीच्या पोटऱ्यांना आई रात्री तेच कोमट करून लावते. खुशाल लावावं, फक्त पोट दाबून चोळू नये.

दुसरी वस्तू बोटाएवढ्या तपकिरी बाटलीत येते: निलगिरी, लवंग, लव्हेंडर, गवती चहा. दुकानात तिला इसेन्शियल ऑइल म्हणतात, मी अर्क म्हणते. बहुतेक अर्क भट्टीत निघतात. पाल्यातून वाफ सोडतात, ती थंड करतात आणि पाण्यावर जो पातळ थर तरंगतो तो अर्क. कागदावर थेंब टाका. तिळाच्या तेलाचा डाग तसाच राहतो, निलगिरीचा अर्क उडून जातो. डाग राहिला म्हणजे मात्र बाटली निर्धोक ठरत नाही, कारण साध्या तेलात मिसळलेला अर्कही डाग ठेवतो.

वास, रंग, किंमत हे फरक कोणालाही दिसतात. बाया फसतात त्या एकाच समजुतीने, की अर्क म्हणजे ती वनस्पतीच. परसातला गवती चहा घ्या. १०० किलो ओल्या गवतातून अर्क निघतो जेमतेम अर्धा किलो, बरेचदा त्याहूनही कमी. म्हणजे एका थेंबात दहाएक ग्रॅम पाला आला. चहाच्या आधणात आपण दोन पाती टाकतो आणि त्यातलाही सगळा अर्क पाण्यात उतरत नाही. बाळंतशोपांचंही तसंच. जेवणानंतर चिमूटभर शोपा चावणं वेगळं आणि शोपांचा अर्क घेणं वेगळं. आपल्याकडच्या शोपांच्या अर्कात डिलॲपिओल नावाचं रसायन असतं. त्याच कुळातलं ॲपिओल पूर्वी गर्भ पाडायला घेत आणि त्यात बायका दगावल्या आहेत. म्हणून 'आमच्या आजीनं खाल्लं, तिला काय झालं?' हा दाखला अर्काला लागू होत नाही. आजीने दाणे खाल्ले होते.

'एकदम शुद्ध आहे, केमिकल नाही,' असं सांगून बाटली विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. जितका अर्क शुद्ध, तितका तो जहाल. त्याचे कण बारीक असतात. कातडीतून आणि श्वासातून ते रक्तात जातात आणि त्यातले काही वार ओलांडून बाळापर्यंत पोचतात.

कापूस वेचणीच्या दिवसांत सातव्या महिन्यातली एक बाई आली होती. कंबर लालभडक, हात लावू देईना. रात्री गंधपुऱ्याचं तेल, म्हणजे खरं तर अर्कच, निव्वळ चोळून वर गरम पाण्याची पिशवी ठेवली होती. शेकाने तर ते आणखी आत मुरतं. गंधपुरा म्हणजे जवळजवळ निव्वळ मिथाइल सॅलिसिलेट, ॲस्पिरिनचा सख्खा भाऊ. त्याचा ५ मिलिलिटरचा एक चमचा पोटात गेला, तर ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून जास्त ॲस्पिरिन गोळ्या गिळल्यासारखं होतं. गर्भारपणात गंधपुरा नको, कापराचं तेल नको, ओव्याचं आणि दालचिनीचंही नको. दुखऱ्या कमरेला तिळाचं तेल आणि साधा शेक पुरे, हे माझं ठाम मत.

तरी कोणाला अर्क वापरायचाच असेल, तर पहिले तीन महिने अजिबात नाही. पुढेही डॉक्टरांना विचारून, शेकडा एक एवढाच: ३० मिलिलिटर साध्या तेलात लव्हेंडरचे ६ थेंब. आंघोळीच्या बादलीत टाकू नये. तो पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतो आणि तसाच्या तसा कातडीला चिकटतो. प्यायचा तर कधीच नाही.

उलटं उदाहरण एरंडेलाचं. ते घाण्याचंच तेल, अंगाला लावलं तर काही बिघडत नाही. पण कळा याव्यात म्हणून नवव्या महिन्यात पाजतात तेव्हा जुलाब लागतात, अंगातलं पाणी जातं आणि गर्भाशयही आकुंचन पावू शकतं. कोणी वडीलधारी वाटी घेऊन आली तरी घेऊ नका.

कळा सुरू असताना कापसाच्या बोळ्यावर लव्हेंडरचा एक थेंब टाकून उशाशी ठेवला, तर माझी हरकत नाही. त्याने कळा कमी होतात असा पक्का पुरावा नाही, पण काहींना बरं वाटतं. मळमळलं की बोळा लगेच बाहेर टाकता येतो, अंगाला लावलेलं तेल तसं काढता येत नाही.

बाळ झाल्यावर स्तनांना अर्क लावू नका. बाळाला सर्दी झाली म्हणून निलगिरी, कापूर किंवा पुदिन्याचा अर्क त्याच्या नाकाशी, छातीशी नेऊ नका, तान्ह्याचा श्वास अडकू शकतो. मोठ्या भावंडाने चमचाभर निलगिरी प्यायली तरी झटके येऊ शकतात. अशा वेळी उलटी काढायला जाऊ नका, ती फुप्फुसात उतरते. १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत घ्या, म्हणजे पोटात काय गेलं ते डॉक्टरांना लगेच कळेल.