ओझरला दोन घरं आहेत: कारखाना वेगळा, डेपो वेगळा

"ओझर एअरबेसवर तेजसची निर्मिती." "एचएएलच्या जवानांनी सुखोई केलं नवं कोरं." असल्या ओळी दर दोन-तीन महिन्यांनी कुठून तरी मोबाइलवर येऊन पडतात आणि माझं डोकं उठतं. एचएएलमध्ये जवान नसतात, कामगार असतात. आणि हवाई दलाच्या ठाण्यावर तेजस तयार होत नाही. नाशिकजवळच्या ओझरला एकाच धावपट्टीवर दोन संसार चालतात. एक हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, म्हणजे एचएएल या सरकारी कंपनीचा विमान कारखाना, दुसरा हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो, म्हणजे ११ बीआरडी. साठ वर्षं विमानांच्या आवाजात राहिलेल्या नाशिकने तरी हे दोन एकात कालवू नयेत.

कारखान्याबद्दल नाशिककरांना मी वेगळं काय सांगणार? १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी मिग-२१ या लढाऊ विमानाचा करार झाला. त्यासाठी ऑगस्ट १९६३ मध्ये एरोनॉटिक्स इंडिया नावाची स्वतंत्र सरकारी कंपनी निघाली आणि १ ऑक्टोबर १९६४ ला ती बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये मिसळून आजची एचएएल झाली. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध गेले होते. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली. मिग-२१, मिग-२७, सुखोई-३० आणि आता तेजस. गावाला 'ओझर मिग' हे नाव पडलं ते याच कारखान्यामुळे.

डेपो मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतो. तो इथे १९७४ मध्ये आला. पहिली विमानं आली ती सुखोई-७ जातीची. ही जुनी सुखोई, आजच्या सुखोई-३० शी तिचा नावापलीकडे संबंध नाही. पुढे मिग-२१, मिग-२३, मिग-२९. मिग-२९ विमानांचं अद्ययावतीकरण ठरलं तेव्हा पहिली काही विमानं रशियात झाली आणि बाकीची इथे, ओझरला. २०१९ मध्ये डेपोने संपूर्ण ओव्हरहॉल केलेलं, म्हणजे सगळं उकलून, दुरुस्त करून पुन्हा जोडलेलं पहिलं सुखोई-३० हवाई दलाच्या ताफ्यात परत पाठवलं. डेपोवर हुकूम चालतो नागपूरच्या मेंटेनन्स कमांडचा.

आता खरी मेख. थोडीफार माहिती असलेला माणूस पटकन सांगतो, "सोपं आहे, कारखाना विमान बनवतो आणि डेपो दुरुस्त करतो." ऐकायला छान वाटतं, पण एवढ्यावर थांबलात तर पुन्हा घोळ होणार. कारण एचएएलसुद्धा ओझरला सुखोई-३० चं ओव्हरहॉल करते. रस्त्याच्या कडेला उभं राहून वर पाहिलं तर ओव्हरहॉल होऊन चाचणीला निघालेलं सुखोई कारखान्याचं की डेपोचं, हे सांगता येणार नाही. काम सारखं, विमान सारखं, धावपट्टी तर एकच. म्हणून फरक कामात शोधूच नका. विमान कुणाच्या ताब्यात आहे आणि काम करणारा कुणाला बांधील आहे, ते बघा.

माझे काका एचएएलमध्ये रिव्हेटिंगला, म्हणजे विमानाचे पत्रे रिव्हेट ठोकून जोडण्याच्या कामाला होते. हे काम जोडीनं चालतं. एक जण बाहेरून गन लावतो, दुसरा आतल्या बाजूने डॉली, म्हणजे लोखंडाचा ठोकळा, रिव्हेटच्या शेपटीला घट्ट दाबून धरतो. डॉली जरा तिरकी झाली की रिव्हेट वाकडा बसतो. मग तो ड्रिलने काढायचा आणि नवा मारायचा. काका बहुतेक डॉली धरायचे, आणि घरी जेवताना दोन हाका मारल्याशिवाय त्यांना ऐकू जात नसे. त्यांना कुणी "एअरफोर्समध्ये होता ना?" असं विचारलं की ते लगेच सांगायचे, "नाही हो, एअरफोर्स आमचं गिऱ्हाईक." सगळा फरक या एका वाक्यात आला. कंपनी विमान बनवते, तिचे वैमानिक ते उडवून पाहतात, हवाई दल तपासून घेतं आणि मगच ताब्यात घेतं. त्या घडीपर्यंत विमान कंपनीचं. पैसे हवाई दल मोजतं, उशीर झाला तर जाबही तेच विचारतं. २०१८ पासून या कंपनीचे शेअर बाजारात आहेत, म्हणजे तुम्हीआम्हीही तिचे इवलेसे मालक होऊ शकतो.

डेपोत गिऱ्हाईक नाही आणि दुकानदारही नाही. विमान हवाई दलाचं आणि वर्कशॉपही त्याचंच. काही ठरावीक उड्डाणतास किंवा वर्षं भरली की विमान इथे येतं. सगळं उकलायचं, पत्र्याखालचा गंज आणि केसाएवढी भेगसुद्धा शोधायची, वायरी-नळ्या तपासायच्या, परत जोडायचं आणि उडवून बघायचं. वर्दीतले वायुसैनिक आणि हवाई दलाचेच नागरी कारागीर मिळून हे करतात.

हे ज्यांना बारीकसारीक वाटतं त्यांनी ८ मार्च २०२४ आठवावा. त्या दिवशी दिल्लीजवळ हिंडनच्या हवाईतळावर राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी हवाई दलाच्या चार तुकड्यांचा सन्मान केला आणि त्यात ११ बीआरडीला राष्ट्रपतींचं निशाण मिळालं. निशाण सैन्याच्या तुकडीला मिळतं, कंपनीला नाही. नाशिकमध्ये त्या दिवशी केवढा आनंद व्हायला हवा होता! आणि माझ्याकडे आलेले निम्मे संदेश होते 'एचएएलचे अभिनंदन' असे. पन्नास वर्षं ज्यांनी हे काम केलं त्यांचं नाव त्यांच्याच मानाच्या दिवशी दुसऱ्याच्या खात्यात गेलं. मला याचं फार वाईट वाटतं.

आणि 'एअरबेस' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लढाऊ विमानांची स्क्वाड्रन उभी राहते. ती बघायची तर पुण्याला, लोहगावला. ओझरला दिसणारी विमानं इथे जन्मलेली किंवा इथे उपचाराला आलेली असतात, मुक्कामाची नव्हेत.

बाकीचे घोळ किरकोळ आहेत. नाशिकरोडजवळच्या गांधीनगरला हेलिकॉप्टरं दिसतात ती भूदलाच्या वैमानिक प्रशिक्षणाची. देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे. प्रवासी टर्मिनल ओझरलाच, पण तो विमानतळही एचएएलच चालवते. विघ्नहर गणपतीचं ओझर पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात.

शेवटी तेजसबद्दल. १७ ऑक्टोबर २०२५ ला संरक्षणमंत्री राजनाथसिंह यांच्या हस्ते ओझरला तेजस मार्क-१ए च्या तिसऱ्या उत्पादन साखळीचं उद्घाटन झालं आणि इथे बनलेलं पहिलं विमान आकाशात गेलं. त्याच्या तीनच आठवडे आधी, २६ सप्टेंबरला, मिग-२१ चंदीगडला निवृत्त झालं होतं. १७ ऑक्टोबरला ओझरच्या आकाशात घुमलेलं तेजस हवाई दलाचं नव्हतं, अजून कंपनीचंच होतं.